घाणा, गिरणी आणि खरेदी

छत्तीसगडच्या राजधानीत, म्हणजे रायपूर शहरात, पूर्वेच्या बाजूस तेलीबांधा नावाचा एक तलाव आहे. त्या तलावावरून भोवतालच्या वस्तीलाही तेच नाव पडले. नागपूरहून रायपूरमार्गे संबळपुराकडे जाणारा जुना हमरस्ता तेथूनच जातो. नावाचा अर्थ सांगावयास कोणी भाषापंडित नको. तेल्यांचा बांध तो तेलीबांधा. छत्तीसगडात तेली समाज संख्येने मोठा आहे, आणि तलाव खोदणे, बांध घालणे हे त्या मुलखात पूर्वापार पुण्यकृत्य मानले गेले आहे. राजाने तलाव बांधला, राणीने घाट बांधला, अशा नोंदी इतिहासात पानोपानी आढळतात. परंतु एका कारागीर समाजाच्या नावाने तलाव ओळखला जावा, ही गोष्ट त्या मानाने विरळ. ज्या धंद्याच्या नावाने एवढा बांध ओळखला जातो, तो धंदा कोणत्या हिशेबाने चालत असेल, असा प्रश्न मग सहजच मनात येतो.

घाण्याचे यंत्र तसे साधे. लाकडाची किंवा दगडाची उखळी, तीत फिरणारी लाट, आणि डोळ्यांना झापड बांधलेला बैल. सगळ्या तेल्यांचे घाणे थोड्याफार फरकाने सारखेच. तेल विकण्यातही फारसे चातुर्य लागत नसे. गिऱ्हाईक ठरलेले आणि भाव गावाला ठाऊक. मग एक तेली सुखवस्तू आणि दुसरा कर्जबाजारी, असे का व्हावे? याचे उत्तर घाण्याच्या आत सापडत नाही. ते घाण्यात बी पडण्याच्या आधी, म्हणजे बी विकत घेताना, ठरून गेलेले असते. तीळ असो, जवस असो की मोहरी असो, जाणता तेली मूठभर बी तळहातावर घेऊन चोळून पाही, दाताखाली फोडून पाही. बी ओलसर आहे की सुकलेले, पोचट आहे की भरलेले, त्यात खडा-माती किती, हे त्याला तेवढ्यात कळे. ओल्या बियांचे वजन तागडीत भरते. तेलाच्या भांड्यात मात्र ते उतरत नाही.

तेल्याचे व्यवहार दोन प्रकारचे असत. एकात शेतकरी आपले बी घेऊन येई, तेली ते गाळून देई आणि मजुरीदाखल पैसे, धान्य किंवा पेंड घेई. या व्यवहारात बी वाईट निघाले तर त्याची झळ शेतकऱ्याला. दुसऱ्यात तेली सुगीच्या दिवसांत स्वतःच बी विकत घेऊन ठेवी आणि वर्षभर गाळी. यात नफा अधिक. पण बियांना कीड लागली, भाव उतरला किंवा पारख चुकली तर नुकसानही सर्वस्वी त्याचेच. पहिल्या प्रकारात तो केवळ कारागीर होता; दुसऱ्यात तो कारखानदार झाला. कारागीर आणि कारखानदार यांमधील सीमारेषा यंत्राच्या आकाराने पडत नाही. जो कच्चा माल स्वतःच्या जोखमीवर खरेदी करतो, तो कारखानदार.

आपल्याकडे उद्योगधंद्यांचा इतिहास लिहिताना भांडवल किती उभारले, यंत्रे कोठून आली, संप किती झाले, हे सगळे सविस्तर सांगितले जाते. खरेदीचे प्रकरण मात्र बहुधा दोन ओळींत आटोपते. खरेदी म्हणजे कारकुनी काम, अशी समजूत आहे. वस्तुतः कारखान्याच्या दारातून जो माल आत येतो, त्याच्यातच बाहेर जाणाऱ्या मालाचे भवितव्य दडलेले असते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण कारखानदारीइतकी दुसरीकडे कोठे खरी ठरत नसेल. या दृष्टीने नागपूर, वऱ्हाड आणि छत्तीसगड या पट्ट्याच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासातील काही प्रकरणे पाहण्यासारखी आहेत. हा मुलूख भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसाच्या परिचयाचा. रायपूर तर १९५६ पर्यंत, नागपूर ही ज्याची राजधानी होती, त्याच प्रांतात मोडत होते.

प्रथम नागपूर घेऊ. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत तेथे एक कापडगिरणी उभी राहिली. जमशेटजी टाटा यांनी १८७४ साली पंधरा लाख रुपये भांडवलाची एक कंपनी नोंदविली. त्या काळी गिरणी काढावयाची तर ती मुंबईत, असा जणू नियमच होता. मुंबईत बंदर होते, भांडवल होते, दलाल होते. नव्हता तो कापूस. वऱ्हाडातील आणि नागपूर प्रांतातील कापूस शेकडो मैल प्रवास करून मुंबईस जाई, आणि त्याचेच कापड तितकाच प्रवास करून परत येई. जमशेटजींनी हा उलटा फेरा ओळखला. कापूस नागपूरच्या उंबरठ्यावर, दगडी कोळसा चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याच्या खाणीत, आणि गिऱ्हाईकही आसपासच. मग गिरणी तेथेच का नसावी? १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले.

गिरणीसाठी जमशेटजींनी जुम्मा तलावाकाठची दलदलीची जमीन स्वस्तात घेतली. त्या जागेत भर घालण्याचे काम सुरू झाले, तेव्हा तेथील एका मारवाडी सावकाराने पैसा लावण्याचे नाकारले. जमिनीत सोने पुरून वर माती टाकणारा हा माणूस, असे त्याचे मत पडले. पुढे गिरणीची भरभराट पाहून त्यानेच, या माणसाने जमिनीत माती घातली आणि सोने काढले, अशी कबुली दिली, असे सांगतात. गोष्ट मनोरंजक आहे. परंतु ती अर्धीच सांगितली जाते. कारण स्वस्त जमिनीच्या खरेदीत जो माणूस यशस्वी झाला, तोच त्याच गिरणीत स्वस्त यंत्रांच्या खरेदीत फसला होता.

सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग यांनी गिरणीचा प्रारंभ झाला. भांडवल बेताचे असल्यामुळे यंत्रसामग्री घेताना हात आखडता घेण्यात आला. परिणाम लवकरच दिसू लागला. सूत हलके निघे, आणि जे निघे तेही पुरेसे निघत नसे. कापूस चांगला, कोळसा जवळ, बाजार हाताशी. आणि तरीही गिरणीची घडी बसेना. अखेरीस जमशेटजींनी ती यंत्रे काढून त्यांच्या जागी उत्तम प्रतीची यंत्रे बसविण्याचा निर्णय घेतला. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे मूळचे रेल्वेच्या माल खात्यातील गृहस्थ, आणि जेम्स ब्रुक्सबी हे लँकेशायरहून आलेले यंत्रतज्ज्ञ. या दोघांच्या साहाय्याने १८८० नंतरच्या दशकात रिंग पद्धतीच्या चात्यांचा प्रयोग येथे झाला. त्या वेळी खुद्द इंग्लंडमध्येही या चात्या सर्वमान्य झालेल्या नव्हत्या. यंत्र विकणारा सांगेल ते घ्यावयाचे, हा रिवाज सोडून, आधी थोडे मागवावे, आपल्या कापसावर आणि आपल्या हवेत चालवून पाहावे, आणि मगच मोठी मागणी नोंदवावी, हा नवा पायंडा पडला. एम्प्रेसच्या पुढील भरभराटीचे बरेचसे श्रेय या पायंड्याला द्यावे लागेल.

जमीन आणि यंत्र, दोन्ही खरेद्या स्वस्ताच्या. मग एक तारक आणि दुसरी मारक का ठरली? दलदलीचा दोष उघड्या डोळ्यांना दिसत होता. किती माती लागेल, किती मजूर लागतील, याचा हिशेब कागदावर मांडता येत होता. यंत्राचा दोष मात्र सूत निघू लागल्यावरच कळला. तोपर्यंत पैसे देऊन झाले होते. स्वस्त वस्तू घेऊ नये असा याचा अर्थ नव्हे. जिचा दोष मोजता येतो ती स्वस्त वस्तू घ्यावी. जिचा दोष मोजता येत नाही ती बाजारातील सर्वांत महाग वस्तू होय.

हा धडा एकदा मिळून पुरत नाही, हेही जमशेटजींच्याच चरित्रात दिसते. १८८६ साली त्यांनी कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेतली. तिच्या उभारणीस लागलेल्या पैशाच्या मानाने बाराचौदा आणे सूट मिळाल्यासारखी ती किंमत होती, अवघी साडेबारा लाख रुपये. तिचे नाव ‘स्वदेशी’ ठेवण्यात आले. पण यंत्रे जुनी आणि झिजलेली होती. दुरुस्तीचा खर्च संपता संपेना. माल बाजारात नापसंत होऊ लागला. गिरणीची पत वाचविण्यासाठी जमशेटजींना स्वतःच्या मिळकतीस हात घालावा लागला, नागपूरचे अनुभवी लोक कुर्ल्यास आणावे लागले, आणि काही वर्षांच्या खटपटीनंतरच ती गिरणी नावारूपास आली. ज्याच्या पाठीशी एम्प्रेससारखी कमावती गिरणी नव्हती, अशा मालकाने तीच खरेदी केली असती तर तेल गेले, तूप गेले आणि हाती धुपाटणे आले, अशीच त्याची गत झाली असती.

यंत्राची खरेदी दहा-वीस वर्षांतून एकदा होते. कापसाची खरेदी रोजची. आणि तेथे अडचण निराळी होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव गगनाला भिडले, तेव्हा भेसळीलाही ऊत आला. रुईवर पाणी शिंपडणे, सरकी आणि माती तशीच राहू देणे, हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा कापूस मिसळणे, हे प्रकार सर्रास चालत. मुंबई सरकारने १८६३ मध्ये भेसळीविरुद्ध कडक कायदा केला. पण शिक्षेच्या भीतीने भेसळ काही काळ दबते. ती ज्या व्यवहारातून जन्मते तो व्यवहार बदलल्याखेरीज ती जात नाही. शेतकऱ्याला चांगल्या कापसाचा आणि वाईट कापसाचा भाव एकच मिळत असेल, शिवाय तागडीत मारले जाऊन वर दलाली, हमाली, धर्मादाय अशा नाना कारणांनी पैसे कापले जात असतील, तर कापूस स्वच्छ ठेवण्याचा उपद्व्याप त्याने का करावा?

या प्रश्नाचे शहाणपणाचे उत्तर वऱ्हाडाने दिले. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांविषयी कायदा झाला. बाजाराची जागा ठरलेली, तोलणारे आणि दलाल परवान्याचे, कपात किती करावयाची ती नियमाने बांधलेली, आणि देखरेखीस समिती. आज देशभर ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत, त्यांचे मूळ या वऱ्हाडी बाजारांत आहे. शेतकऱ्याच्या संरक्षणाचा उपाय म्हणून या बाजारांचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो रास्तच आहे. पण ते गिरणीच्याही संरक्षणाचे उपाय होते, हे विसरू नये. वजन खरे झाले की माल खरा होऊ लागतो. ओल्या आणि मिश्र कापसाचा पहिला फटका गिरणीच्या मालकाला बसत नाही, तो साच्यापुढे उभ्या असलेल्या कामगाराला बसतो. धागा पुनःपुन्हा तुटतो, तो सांधण्यात वेळ जातो, आणि ज्याची मजुरी कामाच्या मापावर आहे त्याच्या मजुरीचाही धागा तुटतो. बाजाराच्या ओट्यावर झालेल्या लबाडीची किंमत अशा रीतीने गिरणीच्या खात्यातील मजूर भरतो. लबाडी करणारा आणि किंमत मोजणारा यांची कधी गाठही पडत नाही.

आता पुन्हा छत्तीसगडाकडे वळू. १८८० नंतर नागपूरहून राजनांदगावपर्यंत अरुंद मापाची रेल्वे झाली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती रुंद करून पुढे रायपूर, बिलासपूर आणि बंगालपर्यंत नेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात राजनांदगाव येथे तेथील राजे बलरामदास यांच्या पुढाकाराने कापडगिरणी उभी राहिली. पण थोड्याच वर्षांत ती कलकत्त्याच्या शॉ वॉलेस कंपनीकडे गेली आणि बंगाल-नागपूर कॉटन मिल्स या नावाने ओळखली जाऊ लागली. रायपूरहून धमतरीकडे १९०० सालच्या सुमारास अडीच फुटी लहान रेल्वे निघाली, आणि तिचे एक स्थानक तेलीबांध्यास झाले. भात आणि जंगलातील लाकूड यांची वाहतूक हे तिचे मुख्य काम. ज्या तेल्याचे बी एकेकाळी बैलगाडीच्या टप्प्यातून येई, त्याच्या दारावरून आता दूरच्या बाजाराकडे जाणारा माल धावू लागला. रेल्वेने खरेदीचे क्षेत्र वाढविले. परंतु त्याबरोबरच विकणारा आणि विकत घेणारा यांच्यातील ओळख पुसून टाकली. तळहातावर बी चोळून पाहण्याची सोय राहिली नाही. आता नमुना, दाखला आणि दलाल यांवर विसंबणे आले. आधुनिक कारखान्याच्या खरेदी खात्याचा जन्म या अंतरातून झाला आहे.

येथपर्यंत आपण कारखाना खरेदीदार म्हणून पाहिला. पण कारखान्याचा मालही कोणीतरी खरेदी करतोच, आणि तो खरेदीदार सरकार असेल तर कारखाना जगणार की मरणार हे पुष्कळदा त्याच्याच हाती असते. हिंदुस्थान सरकार रेल्वेसाठी, लष्करासाठी आणि कचेऱ्यांसाठी लागणारा बहुतेक माल लंडनमधून मागवीत असे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत येथील लोखंडाच्या धंद्याचे जुने प्रयत्न का फसले, याची चिकित्सा केली होती. नव्या धंद्याला सरकारी आश्रय हवा, आणि सरकारने आपल्या गरजेचा माल येथील कारखान्यांतून घ्यावा, हा विचार त्या पिढीने सातत्याने मांडला. दान नको, गिऱ्हाईकी हवी, असे त्या मागणीचे स्वरूप होते.

टाटांच्या पोलादाच्या कारखान्याने या मागणीची सत्यता सिद्ध केली. आणि त्या कारखान्याच्या पूर्वकथेत छत्तीसगडालाही स्थान आहे. चांदा जिल्ह्यात लोखंड मिळाले, पण त्याला साजेसा कोळसा मिळेना, म्हणून तो बेत सोडल्याचे कळविण्यास दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले. वाट पाहण्यात वेळ होता म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तेथील भूगर्भाच्या रंगीत नकाशावर दुर्ग भागातील लोखंडाच्या खुणा त्यांच्या नजरेस पडल्या. त्यावरून धल्ली-राजहरा येथील टेकड्यांचा शोध घेतला गेला. तेथील लोखंड अत्युत्तम ठरले. परंतु भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी, ज्यांनी पूर्वी या दुर्गच्या लोखंडाचीही नोंद केली होती, १९०४ साली मयूरभंजातील खाणींकडे लक्ष वेधले. आणि त्या खाणी बंगालच्या कोळशाला जवळ असल्यामुळे कारखाना तिकडे, साकचीस गेला. उत्तम माल कोठे आहे, एवढाच प्रश्न खरेदीत नसतो. तो माल दुसऱ्या लागणाऱ्या मालापाशी किती खर्चात येऊन भेटतो, हा खरा प्रश्न.

साकचीचा कारखाना उभा राहिला त्यास आणखी एक आधार होता. दरवर्षी वीस हजार टन रूळ दहा वर्षे विकत घेण्याचे सरकारने मान्य केले होते. भाव परदेशी मालाइतका आणि कसोटीही तितकीच कडक. या एका आश्वासनावर भांडवलाला धीर आला. १९१२ साली तेथे पोलाद निघू लागले, आणि पहिल्या महायुद्धात त्याच रुळांवर सरकारच्या सैन्याच्या गाड्या परमुलखात धावल्या. पण खरेदीचे शस्त्र दुधारी असते. महायुद्धानंतर रेल्वेशी झालेले दीर्घ मुदतीचे, ठरावीक भावाचे करार कारखान्याच्या गळ्यास बसले. उत्पादनखर्च वाढला, भाव मात्र बांधलेला. त्यात परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले, आणि १९२४ साली संरक्षक जकातीचा कायदा झाला तेव्हाच त्या धंद्याने श्वास घेतला. विकणाऱ्याला बुडवून केलेली खरेदी शेवटी खरेदीदारालाही परवडत नाही. कारण बुडालेला कारखाना रूळ देऊ शकत नाही, आणि त्याला वाचविण्याची किंमत जनतेला करातून द्यावी लागते.

दरम्यान औद्योगिक आयोगाने १९१८ साली सरकारी खरेदीची पद्धत बदलण्याचा आग्रह धरला होता. १९२२ साली हिंदुस्थानातच खरेदी करणारे सरकारी भांडार खाते स्थापन झाले. लहान कारखानदारांना हे सगळे फार उशिरा मिळाले. त्यांना स्वतःच्या हिकमतीवर जगावे लागले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. नंतर चारच वर्षांत महायुद्ध पेटले आणि परदेशी लोखंड येईनासे झाले. नांगर ओतावयास लोखंड हवे, आणि ते बाजारात कोणत्याही भावाने मिळेना. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या, आणि त्या वितळवून नांगर झाले. तोफांचे नांगर होण्यात काव्य आहे खरे; परंतु कारखानदाराच्या दृष्टीने त्यात एक रोकडा धडाही आहे. ज्याचा पुरवठा एकाच वाटेने येतो, त्याचा कारखाना ती वाट बंद करणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. दुसरी वाट शोधून ठेवणे हेही खरेदीचेच काम.

स्वातंत्र्यानंतर धल्ली-राजहऱ्याच्या टेकड्यांचे भाग्य फिरले. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या खाणी टाटांनी सोडल्या, त्याच भिलाईच्या स्वतःच्या खाणी झाल्या. सुमारे नव्वद किलोमीटरांवरून लोखंडाचा दगड येऊ लागला आणि भिलाईचे रूळ देशभर पसरले. पुढे रायपूरच्या आसपास उरला, सिलतरा अशा वसाहतींत लोखंड आणि पोलाद यांचे अनेक लहानमोठे कारखाने निघाले. त्यांतील बहुतेकांपाशी स्वतःच्या खाणी नाहीत. दगड आणि कोळसा यांचा भाव चढला की त्यांच्या भट्ट्या मंदावतात, उतरला की भडकतात. एकाच आकाशाखाली, एकाच प्रांतात, खरेदीच्या दोन रीतींनी कारखान्यांचे दोन स्वभाव घडविले आहेत.

खरेदीची सारी सूत्रे एका हाती दिल्याने प्रश्न सुटतो काय? महाराष्ट्राने हा प्रयोगही करून पाहिला आहे. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदीची योजना सुरू झाली. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याची सुटका करावी, हा तिचा हेतू उदात्त होता, आणि अनेकांना तिचा आधारही वाटला. पण शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस सीमा ओलांडून तिकडे जाई, उतरला की तिकडचा इकडे येई. शेतकऱ्याला पैसे मिळण्यास विलंब होई, तोटा साचत जाई, आणि अखेर २००२ मध्ये ती मक्तेदारी संपुष्टात आली. याच सुमारास, त्याच वर्षी, नागपूरची एम्प्रेस मिलही कायमची बंद झाली. त्या गिरणीच्या अंताला अनेक कारणे होती. ती सगळी खरेदीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तरीही दाराशी कापूस असल्यामुळे जी गिरणी जन्मास आली, ती कापूस दाराशी असतानाच बंद पडली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. जवळिकीचा लाभ आपोआप टिकत नाही. यंत्र, माल आणि बाजार यांची पारख दर पिढीने नव्याने करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने जी कारखानदारी उभारली, तिच्यातही हेच सूत्र दिसते. १९५० पासून जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे शास्त्र शिकविणाऱ्या डेमिंग या अमेरिकन तज्ज्ञाने, केवळ किंमतीच्या चिठ्ठीकडे पाहून खरेदी करू नये आणि पुरवठादाराशी दीर्घ विश्वासाचे नाते जोडावे, असे आग्रहाने प्रतिपादिले. हे तत्त्व आपल्याला परके वाटू नये. ठरलेल्या शेतकऱ्याकडून वर्षानुवर्षे बी घेणारा तेली याहून वेगळे काय करीत होता?

आज खरेदीची साधने पार बदलली आहेत. १९२२ च्या भांडार खात्याचा वारसा सांगणारे केंद्रीय खरेदी महासंचालनालय २०१७ मध्ये बंद झाले. त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेल्या सरकारी ई-बाजारपेठेतून खरेदी होऊ लागली. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत, असे बंधन घातले. हा शेवटचा नियम फार मोलाचा आहे. कारण माल घेऊन पैसे थकविणे ही सुद्धा एक खरेदीची रीतच आहे, आणि ती सर्वांत घातक. मोठा कारखाना लहानाचे पैसे अडकवितो तेव्हा तो जणू त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेत असतो. आणि त्या कर्जाचे व्याज लहान कारखान्यातील मजूर उशिरा मिळालेल्या पगाराच्या रूपाने चुकवितो.

तेलीबांध्याची लहान रेल्वे आता राहिलेली नाही. २०१७ मध्ये शहरातील तिचा मार्ग बंद झाला आणि त्या पट्ट्यावर रुंद रस्ता आला. तलावाच्या काठी आता संध्याकाळी लोक फिरावयास येतात. बियांची परीक्षा करणारा हात तेथे दिसत नाही. परंतु त्या हाताचे काम संपले आहे असे मात्र कोणी समजू नये. निविदेत सर्वांत कमी आकडा कोणाचा, एवढे पाहून सही करणे सोपे असते. त्या आकड्यात कोणाची मजुरी कापली गेली आहे, कोणाचे वजन मारले गेले आहे आणि कोणता दोष आज दिसत नाही, हे पाहणे कठीण. पहिले काम यंत्रही करू शकते. दुसरे माणसालाच करावे लागते, आणि कारखान्याचे बरेवाईट त्याच कामावर अवलंबून असते.